प्रवेशद्वारावरच्या काचा

“त्यांच्यात नसतं हे.”

माझ्या मागे कोणीतरी हळू आवाजात म्हणालं. हळू म्हणजे मला ऐकू येईल इतपतच हळू. हळदीकुंकवाचं ताट माझ्यासमोर आलं होतं. ते धरलेल्या सुपरवायझरने क्षणभर माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि ताट पुढच्या माणसाकडे नेलं. मी सँडल बाहेर काढून शेडच्या पत्र्याच्या भिंतीला लागून उभी होते. मी हसले. असं हसणं मला शाळेपासून जमतं. त्यात ओठ हलतात, बाकी काही हलत नाही.

खंडेनवमीचा दिवस होता. हिंजवडीच्या बाजूला, ऊस आणि पडीक रान यांच्या मधोमध एका सॉफ्टवेअर कंपनीची इमारत उभी राहत होती आणि तिच्या शेजारच्या लांबलचक शेडमध्ये तिच्या काचा तयार होत होत्या. त्या दिवशी काम बंद होतं. सिलिकॉनचा पंप, कापायची यंत्रं, ड्रिल, अगदी मोजपट्ट्यासुद्धा धुऊन-पुसून मांडल्या होत्या. पंपाला झेंडूची माळ घातली होती. शेजारी दोन दिवसांनी काचा चिकटवायच्या म्हणून साफ करून ठेवलेल्या अॅल्युमिनियमच्या फ्रेम ओळीने टेबलांवर आडव्या पडल्या होत्या.

मला पूजेचा राग नव्हता, हे आधीच सांगते. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरी देव्हारा नाही, एवढंच. मी ते ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं. पण पुण्यात ते सांगावं लागत नाही. “आपण मूळच्या कुठल्या?” असं कोणीतरी अगदी आदराने विचारतं, आपण गाव सांगतो, मग आडनाव पुन्हा एकदा विचारलं जातं, आणि समोरचा म्हणतो, “अच्छा, अच्छा.” दुसरं ‘अच्छा’ पहिल्यापेक्षा थोडं खालच्या पट्टीत असतं. एवढ्यात सगळं होऊन जातं आणि कोणी कोणाला काही बोललेलं नसतं.

इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझी एक सोय झाली होती. ऑफिसात मी इंग्रजीत बोलायचे. इंग्रजीत माणूस कुठल्या घरातला ते पटकन कळत नाही.

आमचं ऑफिस नारायण पेठेत पहिल्या मजल्यावर होतं. सर, तीन इंजिनियर आणि मी. मी सगळ्यांत नवी. शहराला तेव्हा काचेचा ताप आला होता. बाणेरला, खराडीला, जिथे परवापर्यंत ज्वारी होती तिथे काचेची भिंत हवी होती, आणि प्रत्येकाला ती दिवाळीच्या आत हवी होती. त्या भिंती आखून, तपासून द्यायचं काम आमचं. आमच्या स्वतःच्या खिडकीची एक काच मात्र फुटलेली होती आणि तिथे कॅलेंडरचा पुठ्ठा लावला होता. कोणी त्याबद्दल विचारलं की सर म्हणायचे, “ते ड्रॉइंग अजून मंजूर व्हायचंय.”

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, काच खिडकीसारखी कशात तरी बसवलेली असते. या इमारतींत ती तशी नसते. फ्रेमला ती पाठीमागून नुसती चिकटवलेली असते. काचेच्या कडेने जो काळा पट्टा दिसतो तो शोभेचा नव्हे. ते सिलिकॉन. माणसापेक्षा उंच आणि दोघांना उचलत नाही अशी काच केवळ त्या बोटभर पट्ट्यावर उभी असते. वारा तिला आत ढकलतो असं आपल्याला वाटतं, पण इमारतीच्या कोपऱ्यांपाशी तो तिला बाहेर ओढतो. ओढणारा वारा आणि धरणारा पट्टा, एवढाच तो खेळ. आणि पट्ट्याची अट एकच, ज्याला चिकटायचं ते स्वच्छ हवं. धूळ नको, ओल नको, आणि तेल तर अजिबातच नको. म्हणून काच लावण्याआधी फ्रेम पांढऱ्या फडक्याने स्पिरिट लावून पुसतात, आणि स्पिरिट उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घेतात.

त्या दिवशी शेडमध्ये वारा होता. दोन्ही बाजू उघड्या, त्यामुळे चिमटीतलं कुंकू यंत्रापर्यंत पोहोचायच्या आत उडत होतं. दोन-तीनदा तसं झाल्यावर सुपरवायझर वैतागला. “अरे, हे देवाला लागतंय की माझ्या शर्टाला?” सगळे हसले. मग त्याने समईच्या तेलाची बाटली घेतली, वाटीत कुंकू ओतलं, तेल घातलं आणि बोटाने कालवलं. आता ते छान लागत होतं. पंपाला लागलं, ड्रिलला लागलं. मग तो फ्रेमच्या ओळीकडे वळला आणि प्रत्येक फ्रेमच्या चारही कोपऱ्यांना एकेक बोट लावत गेला. फ्रेमची चिकटवायची बाजू वर होती. मी ते पाहिलं. मनात म्हटलं, परवा स्पिरिटने पुसतील, नियमच आहे. नारळ फुटला. मी खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्यासाठी तो दिवस वेगळ्या कारणाने मोठा. पांढरे कपडे घालून आम्ही विहारात गेलो, आईने खीर केली. त्या सुट्टीत मला साइट आठवलीसुद्धा नाही.

त्यानंतर काही दिवस सरांनी मला ऑफिसात ड्रॉइंगवर बसवलं. पुन्हा साइटवर गेले तेव्हा त्या फ्रेमवर काचा चढलेल्या होत्या. तयार पॅनेल थेट एकावर एक न ठेवता, मध्ये लाकडी पट्ट्या घालून, नीट आडवी ठेवली होती. काम सुबक होतं. काळा पट्टा सरळ, कुठे बुडबुडा नाही. आणि शेडच्या तारेवर एक फडकं वाळत होतं. फिकट गुलाबी.

“हे कसलं?” मी सुपरवायझरला विचारलं.

“ते होय? पूजेचं कुंकू पुसलं त्या फडक्यानं.”

“स्पिरिटने पुसलं ना?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी अभद्र बोलले आहे. “स्पिरिटनं? अहो मॅडम, दारूसारखा वास मारतो त्याला. देवाचं कुंकू दारूनं पुसायचं? पाण्यानं पुसलं. कोरं फडकं आणलं होतं दुकानातून, जुनं नाही वापरलं.”

“मग नंतर स्पिरिट?”

“फ्रेमा पूजेच्या आदल्या दिवशी स्पिरिट मारून ठेवलेल्याच होत्या की. परत कशाला?”

“सगळ्या एकाच फडक्याने?”

“बादलीत पिळून पिळून.” त्याला वाटलं, मी त्याच्या काटकसरीचं कौतुक करते आहे.

पाण्याने कुंकू निघतं, तेल निघत नाही. चार कोपऱ्यांवरचं तेल त्या एका ओल्या फडक्याने प्रत्येक फ्रेमभर फिरलं होतं. वर सिलिकॉन बसलं होतं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

“ही पॅनेल कुठे लागणार?” मी विचारलं.

“पुढं, एंट्रन्सच्या वर. शेटनी सांगितलंय, पूजेच्या फ्रेमा पहिल्या तिथंच लावायच्या. शुभ असतं.”

 

मी आधी काचांच्या कंत्राटदाराच्या साइट इंजिनियरला गाठलं. तो माझ्याच वयाचा, कानाला सतत मोबाइल. मी इंग्रजीत म्हटलं की या पॅनेलच्या फ्रेमवर कंटॅमिनेशन असण्याची शक्यता आहे. त्याने खिशातून नमुन्याचा तुकडा काढून दाखवला. प्रत्येक दिवशीच्या कामाबरोबर अॅल्युमिनियमच्या एका सुट्या तुकड्यावर तेच सिलिकॉन ओढून ठेवतात आणि सुकल्यावर हाताने खेचून बघतात. त्याने माझ्यासमोर खेचलं. निघालं नाही.

“झालं समाधान?” तो म्हणाला.

तो तुकडा खोक्यातून काढलेला होता. त्याची पूजा कोणी केली नव्हती. पण हे वाक्य माझ्या तोंडातून बाहेर आलं नाही. मी म्हटलं, “दॅट इज नॉट रिप्रेझेंटेटिव्ह.” त्याने फोन कानाला लावला.

मग सर. मी नारायण पेठेतल्या त्या जिन्यात दोनदा थांबले. वर गेले तेव्हा ते चष्मा कपाळावर चढवून एका ड्रॉइंगवर वाकले होते.

“बोला.”

“सर, एंट्रन्सची पॅनेल… मला वाटतं देअर मे बी सम कंटॅमिनेशन. एका पॅनेलचा पट्टा कापून, ते फाडून पाहायला हवं.”

“तुमच्या इंग्रजीत ‘मे बी’ फार येतं. काचेला ‘मे बी’ समजत नाही. ती एक तर असते, नाही तर खाली असते.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “कसलं कंटॅमिनेशन?”

“ऑइल.”

“कुठून आलं?”

मी खिडकीवरच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं.

“अहो, तेल आकाशातून पडत नाही. पंपाचं? कटरचं? कोणी वडे तळत होतं?”

पलीकडच्या टेबलावर कोणीतरी हसलं. माझ्या घशात ते वाक्य पूर्ण तयार होतं. खंडेनवमीला पूजेत लावलं. पण ते वाक्य बाहेर पडल्यावर काय होईल तेही मला आधीपासून पाठ होतं. पूजेच्या वेळी भिंतीला लागून उभी राहिलेली मुलगी आता म्हणते, पूजेमुळे काच पडेल. मग तेलाचं कोणी ऐकणार नाही. सगळे फक्त मलाच बघतील. माझं आडनाव, माझं कपाळ, मी कुठल्या यादीतून इंजिनियरिंगला गेले असेन याचे तर्क. साइटवर चहा पिताना ते सगळं बोललं जाईल आणि मी आले की बंद होईल. आणि पॅनेल तिथेच राहतील. सांगितलं तर कोणी मानणार नव्हतं, नाही सांगितलं तर कोणाला कळणार नव्हतं. या दोन्हींच्या मधे मी उभी होते आणि सर वाट पाहत होते.

“मी… साइटवर पाहिलं,” मी म्हटलं.

सर वाईट नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं, माठातलं पाणी दिलं आणि समजावलं की ही काच परदेशातून येते, एक पॅनेल फाडलं तर तशी दुसरी यायला महिना लागेल, नमुना पास झालेला आहे, आणि नुसत्या संशयावर आपण क्लायंटला तोंड दाखवू शकत नाही. “संशय घेणं हेच आपलं काम आहे,” ते म्हणाले. “पण संशयाला नाव लागतं. तुम्ही नाव आणा, मी उद्या पॅनेल उतरवतो.”

नाव माझ्यापाशी होतं. मी पाण्याचा पेला उपडा ठेवून बाहेर आले.

वारज्याला घरी पप्पा बातम्या पाहत होते. पप्पा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. आयुष्यभर त्यांनी एकच धोरण पाळलं होतं. ऑफिसात कामाचं बोलायचं, घरचं बोलायचं नाही, डबासुद्धा आपल्या टेबलावर खायचा. मीही त्यातच वाढले. मी विचारलं, “पप्पा, कामाचं सांगायला घरचं सांगावं लागलं तर?”

त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. “कोणी काही बोललं का तुला?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

 त्यांनी आवाज पुन्हा मोठा केला, आधीपेक्षा थोडा जास्तच. आतून आईने विचारलं, पोळी गरम देऊ का. मी म्हटलं, भूक नाही.

आठवडा संपायच्या आत पॅनेल वर चढली. दोरांवर टांगलेल्या झुल्यावरून माणसं खाली-वर करत होती आणि एकेक काच जागेवर बसत होती. प्रवेशद्वाराच्या वर दोन मजले नुसती काच. समोरचा रस्ता, ऊस, विजेचा खांब, सगळं तिच्यात उतरलं. गावातली माणसं येऊन स्वतःला बघायची. एक म्हातारा आपली म्हैस घेऊन आला होता आणि तिला काचेसमोर उभी करून पुन्हा पुन्हा म्हणत होता, “बघ की गं, बघ.” कोणीतरी फोटो काढला. सगळं इतकं सुंदर दिसत होतं की मला रडू येत होतं.

त्या काचांच्या बरोबर खाली वॉचमन काका बसायचे. मुळशीकडच्या एका गावचे. त्यांच्या जमिनीवर दुसरी कुठली तरी कंपनी उभी राहिली होती आणि आता ते या कंपनीच्या दारात निळा शर्ट घालून बसत होते. सकाळी दहानंतर इमारतीची सावली तिथेच पडायची, म्हणून प्लास्टिकची खुर्ची तिथेच.

“काका, तुम्ही तिकडे गेटजवळ बसा ना,” मी पहिल्या दिवशी म्हटलं.

“तिकडं ऊन हाय, ताई.”

“छत्री आणून देते.”

“छत्री धरून वॉचमन बसला तर सायेब काय म्हंतील? म्हंतील, पेशवं आलं.”

दुसऱ्या दिवशी मी खरंच एक मोठी छत्री नेली. त्यांनी ती आनंदाने घेतली आणि खुर्चीमागे उभी करून ठेवली, पाऊस आला तर असू दे म्हणून. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, वरून काही पडू शकतं, काम चालू आहे. त्यांनी मान वर करून पाहिलं. “काम तर झालं की वरचं. झुला बी काडला.” मग मला धीर देत म्हणाले, “लई ताण घेता ताई तुम्ही. चा घ्या.”

मी चहा घेतला. त्यांच्या शेजारी, त्याच सावलीत उभी राहून. निदान मी असताना तरी, असं काहीतरी वेडगळ मनात होतं. मी असताना काय होणार होतं? मी काय झेलणार होते?

तो परतीच्या पावसाचा काळ होता. दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेकडून ढग यायचे, आधी वारा सुटायचा, रस्त्यावरची धूळ आणि कागद गोल फिरत वर जायचे, मग पाऊस. मी दुपारनंतर आकाशाखेरीज कुठेच पाहत नव्हते. वारज्याला रात्री अंथरुणावर पडल्यावर खिडकीचं दार आपटलं की मी उठून बसायचे. सरांना पुन्हा एक मेल लिहिला, इंग्रजीत, चार परिच्छेद. त्यात ‘कंटॅमिनेशन’ सहा वेळा होतं आणि ‘पूजा’ एकदाही नव्हतं. सरांनी खाली एका ओळीत उत्तर दिलं की मॅडम, नाव अजून आलं नाही.

मग एक संध्याकाळ चांगलीच वाऱ्याची गेली. औंध रस्त्यावर झाडाच्या फांद्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी साइटवर पोहोचले आणि गेटपाशीच थांबले.

काचेतला विजेचा खांब मोडला होता.

रस्त्यावरचा खांब जागेवर, सरळ. पण काचेत, प्रवेशद्वाराच्या वर डाव्या कोपऱ्यात, एका पॅनेलमधून दुसऱ्यात जाताना त्याचं प्रतिबिंब तुटत होतं, वरचा तुकडा एका बाजूला सरकला होता. म्हणजे ती दोन पॅनेल आता एका पातळीत नव्हती. एक काच फ्रेमपासून किंचित पुढे आली होती. कालपर्यंत खांब सलग होता. मी रोज पाहत होते, मला माहीत होतं.

मी साइट इंजिनियरला ओढत आणलं. तो म्हणाला, भट्टीतून निघालेल्या काचेत लाटा असतातच, प्रतिबिंब वेडंवाकडं दिसणारच. ते खरंही होतं. बाकीच्या काचांतही ऊस थोडा डुलल्यासारखा दिसत होता. “पण काल सरळ होता,” मी म्हटलं. “काल तुम्ही दुसरीकडे उभ्या असाल,” तो म्हणाला. आणि निघून गेला, कारण त्या दिवशी उद्घाटनाची रंगीत तालीम होती.

उद्घाटन दुसऱ्या दिवशी. परदेशातून पाहुणे येणार होते. पोर्चमध्ये, त्याच काचांच्या खाली, रांगोळी काढली जात होती. कॉलेजच्या मुली नऊवारी नेसून, नथ घालून, ताटात निरांजन घेऊन ओळीने उभ्या होत्या आणि एक बाई त्यांना पाहुण्यांना कसं ओवाळायचं ते शिकवत होत्या. मुली एकमेकींच्या नथीवरून खिदळत होत्या. वॉचमन काकांनी खुर्ची मुद्दाम पुढे आणून ठेवली होती, सगळं नीट दिसावं म्हणून. कंपनीचे मोठे साहेब होते, कंत्राटदार होता, सुपरवायझर नवा शर्ट घालून आला होता. सर नारायण पेठेतून आले होते आणि हातात नारळपाणी घेऊन उभे होते.

उसाच्या शेंड्यांतून वारा निघाला. आधी शेंडे वाकले, मग रांगोळीचा रंग उडाला, मग मुलींचे पदर. मी वर पाहिलं. डाव्या कोपऱ्यातल्या त्या काचेत खांब हलला. वाऱ्याने खांब हलत नाही. काच हलली होती.

मी सरांजवळ गेले. “सर, देअर इज… द पॅनेल…” माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. इंग्रजी शब्द येत होते आणि प्रत्येक शब्द काहीच न सांगता गळून पडत होता.

“अहो, काय झालंय तुम्हाला?” सर म्हणाले. “चक्कर येतेय का?”

“सर, वर बघा. डावा कोपरा. खांब बघा काचेतला.”

त्यांनी पाहिलं. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा पाहिलं, एक डोळा मिटून. त्यांचा चेहरा बदलला तो मला दिसला. “तेल कुठून आलं?” त्यांनी विचारलं, या वेळी अगदी हळू. “आता सांगा. आत्ताच्या आत्ता.”

“खंडेनवमीला आलं,” मी म्हणाले. मराठीत, आणि बरंच मोठ्याने, कारण ओवाळायला शिकवणाऱ्या बाई बोलायच्या थांबल्या. “कुंकू उडत होतं म्हणून तेलात कालवून फ्रेमना लावलं. चारही कोपऱ्यांना. नंतर स्पिरिट लावलं नाही, ओल्या फडक्याने पुसलं. ते तेल सिलिकॉनखाली आहे. या सगळ्या पॅनेलच्या.”

सुपरवायझर पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि मला त्याचा खरंच राग आला नाही. “म्हणजे देवाची पूजा केली म्हणून काचा पडणार, असं म्हणायचंय मॅडमना,” तो कंत्राटदाराकडे पाहत म्हणाला. “साहेब, यांना पूजेचं वावडं आहे. त्या दिवशी ताटाला हात लावला नाही यांनी. सगळ्यांना माहितीये यांच्यात काय असतं.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मोठे साहेब, कंत्राटदार, नथी घातलेल्या मुली. इतकी माणसं एकाच वेळी माझ्याकडे पाहत आहेत असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. आणि त्यातलं कोणीही वर पाहत नव्हतं. वॉचमन काका खुर्चीत पुढे वाकून माझं काय चाललंय ते ऐकत होते. उसावरून दुसरी झुळूक निघालेली दिसत होती.

“हो, आमच्या घरी पूजा होत नाही,” मी म्हणाले. “आम्ही बौद्ध आहोत. त्याचं काय बोलायचं ते नंतर बोला, मी इथेच आहे, कुठे जात नाही. झुला चढवा आणि यातली कुठलीही काच उतरवून माझ्यासमोर फाडा. पण आधी या मुलींना मागे घ्या. काका, उठा. खुर्ची राहू द्या. उठा आधी.”